न पाहिलेल्या पायाचं माप

चपला शिवणाऱ्या काकांच्या पायाच्या अंगठ्याला गाऊटनं, म्हणजे सांधा सुजवणाऱ्या दुखण्यानं, ग्रासलं होतं. ठणका थांबला की ते गोळी बंद करायचे. म्हणायचे, "चावत नाही ती चप्पल कशाला ठोकायची?"

परवा सुनेनं मोबाइलवरून पुन्हा गोळ्या मागवल्या, तर औषधवाल्या बाईंचाच फोन आला. "काका, मागच्या गोळ्या केव्हाच संपायला हव्या होत्या. दुखणं थांबलं की सोडता ना?"

काकांच्या हातातली आरी तिथेच थांबली.

"ही गोळी दुखणं परत येऊ नये म्हणून रोज घ्यायची असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका."

फोन ठेवला तरी काका त्याच्याकडे बघतच राहिले. "जन्मभर लोकांचे पाय हातात घेतले, तेव्हा कुठे माप कळलं," ते सुनेला म्हणाले. "या बाईनं पाय न बघता सांगितलं, कुठं चावतंय ते!"