चिमणीची मोटार

“किती एचपीची?” दुकानात कुणीही आलं की काका मान वर न करता आधी हेच विचारत.

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. पार हदगावहून लोक जळालेले पंप घेऊन येत. मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेले.

पुढची वाक्यं घरून पाठ केली होती. इंग्रजी शाळेमुळे अनोळखी माणसाशी मराठीत बोलायला मला तालीम लागते. “या पिकअपचे दोन भाग करायचेत. जाड तीन तारांचा आवाज डाव्या स्पीकरमधून, बारीक तीन तारांचा उजव्या.”

काकांनी तारांखालची, आवाज पकडणारी पिकअपची काळी पट्टी उघडली. आत लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे वेढे. “ही तर चिमणीची मोटार हाय! पण दोन कशाला?”

“लातूरला मामेबहिणीच्या कॉलेजात वाजवायचंय. पहिल्यांदाच, एकटीनं.” नांदेडात ओळखीचे फार, म्हणून लातूर. “दोघी वाजवतायत असं वाटलं, तर भीती कमी वाटेल.”

काका हसले नाहीत. “हाव, बरोबर हाय.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी दोन इवल्या कॉइल तयार होत्या. “थांब, टेस्ट करून देतो,” म्हणत काकांनी आयुष्यभर प्रत्येक मोटारीला केलं तेच केलं. तार कुठे तुटली नाही ना हे बघायला मध्ये बल्ब जोडून थेट घरची लाईट दिली. फुस्स! दोन्ही कॉइल गेल्या.

“लई नाजूक हाय की,” काका पुटपुटले. माझा चेहरा पाहून त्यांनी नवी तार काढली.

“अन् माझ्या मोटारीचं?” बाकावरचा शेतकरी ओरडला. “पाणी तटलंय शेतात!”

“तुझं पाणी परवा बी वाहील. हिचं उद्याच हाय. बाई, तू जा लातूरला. मी घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी अर्धा तास उरला असताना काका एसटीनं पोचले. गिटार पोत्यात.

“टेस्ट केली?”

“न्हाई! तूच कर आता.”

मी सुरुवात केली. आणि काका खुर्चीवरून उठले. डाव्या स्पीकरला कान लावला, स्टेजसमोरून चालत जाऊन उजव्याला लावला, पुन्हा डाव्याला. “ओ काका, बसा की!” मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसत होता. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बोटं कधी मोकळी झाली, कळलंच नाही.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात.

त्या दिवशी टाळ्या पडल्या तेव्हा ते दारात पोचले होते. शेतकऱ्याच्या पंपासाठी परतीची गाडी धरायची होती. मागे न वळता त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. दोन्ही चालू.