माणशी एक गाठ

मी वजडी साफ करायला बसले की अंबरनाथच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवरा सगळ्या खिडक्या उघडतो आणि मुलगी नाकाला ओढणी लावून फिरते. फिरू दे. जेवायच्या वेळी सगळ्यात आधी ताट घेऊन हीच दोघं बसलेली असतात. उल्हासनगरला मी ज्या कापडाच्या दुकानात काम करते, तिथल्या सिंधी शेठाणीला मात्र हा वास आठवत राहतो. "हमारे घर भी पाये बनते थे, अब बच्चे छूते नहीं," म्हणते आणि हळूच विचारते, डबा आणलास का?

हे मी शिकले आईकडून, बदलापूरला, कुळगावातल्या आमच्या घरी. घर आगऱ्याचं, बकऱ्याचं काहीही वाया जात नसे. मुंडी, पाय, फोप्सा, रक्ती, सगळं चुलीवर चढायचं. पण वजडीचा मान वेगळा. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट. चुना लावून कढत पाण्यात बुडवायचं आणि काळी साल निघून पांढरं होईपर्यंत सुरीनं खरवडायचं. आतडी काडीवर उलटी करून मीठ-हळदीनं चोळायची. मग आमच्या घरची रीत. वजडीचा मोठा तुकडा घ्यायचा, त्याची सुरळी करायची आणि वरून आतड्यानं घट्ट गाठ मारायची. माणशी एक गाठ. बाकीचे बारीक तुकडे रश्श्यात सुटे, त्यावर कुणीही तुटून पडा, पण गाठ ज्याची त्याची. बांधताना आई त्या त्या माणसाचं नाव घ्यायची. आम्ही चौघं होतो, चार गाठी.

मी पंधरा वर्षांची असताना दादा काविळीनं गेला. एकोणीस वर्षांचा होता. आठ दिवसांत खेळ आटोपला. त्यानंतर वर्षभर घरात मटण शिजलं नाही. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या रविवारी बाबांनी वजडी आणली. आई बांधायला बसली, मी शेजारी वाटण वाटत होते. बाबांचं नाव घेतलं, माझं घेतलं, स्वतःचं घेतलं. आणि मग दादाचं.

माझा हात पाट्यावरच थांबला. आई मात्र बटाटे सोलावेत तशी पुढच्या कामाला लागली.

ती चौथी गाठ ती एका ताटलीत घालायची, वर झाकण ठेवायची आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवायची. आमची जेवणं झाली की ताटली आणायला स्वतः जायची. ती आत आणायची तेव्हा ताटली रिकामी असायची. "मांजर खातं गं," मी म्हणायचे. "आसंल मांजर," ती म्हणायची आणि ताटली घासायला घ्यायची. दोन वर्षं हे असंच चाललं.

आता खरं सांगते. मला दादाचं दुःख होतं, पण त्याहून जास्त राग होता. घरात जिवंत पोरगी मी. भाकऱ्या मी थापायच्या, पाणी मी भरायचं, आणि सगळ्यात जाड, मऊ तुकड्याची गाठ कुणाची, तर जो नाही त्याची! आई मला कधी म्हणालीसुद्धा नाही, घे गं, अजून एक घे. शेजारच्या काकी तोंडावर पदर धरून विचारायच्या, तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी ती ताटली पडवीत ठेवून आत आली आणि मी बाहेर गेले. झाकण काढलं. गाठ उचलली आणि तिच्यासमोर येऊन खाल्ली. पुरती खाल्ली, आतड्यासकट. "हे बघ," म्हटलं, "कुणी येत नाही आणि जात नाही. पुरे झाली ही थेरं."

मला वाटलं, थोबाडीत बसणार. आई नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "खाल्लीस? बरं झालं." पुढच्या खेपेला तिनं तीनच गाठी बांधल्या. दादाचं नाव घेतलं नाही. मी स्वतःवर खूश! आईला मी शुद्धीवर आणलं, हे मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत होते.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी वजडी केली होती. नवरा, मुलगी, आई, सगळे बसलो होतो आणि मी तीच गोष्ट नवऱ्याला रंगवून सांगितली, आईच्या देखत. नवरा हसला. आईनं घास चावून गिळला.

"त्या दिशी तो आला होता," ती म्हणाली. "ताटलीत काय नव्हतं. मंग नाय आला परत."

"आई, मांजर होतं ते."

"मांजर गाठ सोडून खातं काय गो? आतडं सोडलेलं आसायचं. ताटलीच्या कडंला, सरळ ठेवलेलं. दर खेपंला मीच उचलून टाकायचे."

दादाला आतडं आवडायचं नाही. तो आधी गाठ सोडायचा, आतडं ताटाच्या कडेला लावायचा आणि मगच सुरळी खायचा. हे मी साफ विसरून गेले होते. आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. तिनं ताटातला रस्सा पुसून खाल्ला आणि हात धुवायला उठली.

त्या पावसाळ्यात आई गेली.

आता मी पाच गाठी बांधते. आम्हा तिघांच्या झाल्या की दादाचं नाव घेते, मग आईचं. दोन ताटल्या गॅलरीत ठेवते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, जाळी लावलेली आहे, मांजर यायचा प्रश्नच नाही. संध्याकाळी झाकणं काढते तेव्हा दोन्ही गाठी जशाच्या तशा घट्ट असतात. नवरा म्हणतो, टाकून काय देतेस, खाऊन टाक. मी त्याच्या हातून ताटल्या काढून घेते. दादाचं येणं मी बंद केलं, आता आईचं मला बंद करायचं नाही.