म्हाताऱ्या डुकरिणींचे डोळे

सोम्बोर गावच्या कत्तलखान्यात रादिवोयच्या सुऱ्याला तोड नव्हती. त्याच्या हाताखाली डुक्कर फारसं ओरडत नसे. पन्नाशी उलटलेला, अबोल, बिनलग्नाचा माणूस. एकदा एक मुलगी ठरली होती. पण पहिल्याच जेवणाला त्याच्या आईनं, पेर्सिदानं, तिला विचारलं की तुमच्याकडे पाव असाच गिळतात का, आणि ती पुन्हा फिरकली नाही. पुढे मायलेक दोघंच राहिले. म्हातारपणी पेर्सिदाची जीभ तशीच राहिली, डोळे मात्र गेले. दोन्हीतला मोतीबिंदू इतका पिकला की दार तिला उजेडावरून कळायचं आणि मुलगा वासावरून.

त्याच सुमारास डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर ग्रुयिच कत्तलखान्यात आले. त्यांना डुकरांचे डोळे हवे होते, रोज, ताजे. मोतीबिंदू फोडून ओढून घेताना डोळ्याच्या आत काय काय हलतं ते त्यांना बघायचं होतं. अडचण अशी की केस काढायला डुक्कर कढत पाण्याच्या हौदात गेलं की डोळ्याची पुढची काच पांढरीफटक पडते, मग आतलं काही दिसत नाही. म्हणजे डोळे हौदाआधी काढायला हवेत. गळा चिरून उलटं टांगलेलं जनावर पाय झाडत असतं तेव्हाच.

रादिवोय नाही म्हणाला. मग डॉक्टरांनी त्याच्या आईची चौकशी केली. तिला रांगेत ताटकळायची गरज नाही, ऑपरेशन मी स्वतः करीन, असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो डोळे काढू लागला. बरोबरचे लोक त्याला ‘डोळेकाढ्या’ म्हणू लागले. त्याचं त्याला फार वाटलं नाही. पण एखादं डुक्कर पुरतं गेलेलं नसायचं. ते आपल्याकडे बघतंय की नुसता डोळा फिरलाय, हे त्याला ठरवता येत नसे. तरी हात थांबत नसे.

एकदा डोळ्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. एक डोळा मागून कापून काचेवर चिकटवलेला होता आणि कॅमेरा काचेखाली. पडद्यावर डोळ्यातल्या भिंगामागचा पापुद्रा दिसत होता, कांद्याच्या पाकळ्यांमधल्या सालीसारखा पातळ. डॉक्टर पुढून भिंग फोडत होते, नळीनं ओढून घेत होते. ओढ वाढवली की पापुद्रा थरथरायचा, आणि तुकडा अचानक सुटला की उसळून थेट नळीच्या तोंडाशी यायचा.

“फाटला तर?” रादिवोयनं विचारलं.

“तर दुसरा डोळा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डब्यात हात घातला.

पेर्सिदाचा उजवा डोळा त्यांनी ईस्टरनंतर केला. डुकरांवर जमलेली जोरदार ओढ तिच्यावर लावली. पापुद्रा फाटला, भिंगाचे तुकडे मागे डोळ्याच्या तळाशी जाऊन पडले. डोळा सुजला, ठणकत राहिला आणि कायमचा विझला.

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. हातात कॉफीचा कप घेऊन ते बोलत होते. “तुमची डुकरं कोवळी, त्यांचं भिंग लोण्यासारखं. तुझ्या आईचं दगड होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं.” मग त्यांनी विचारलं, “म्हाताऱ्या डुकरिणी येतात का रे तुमच्याकडे? पिलं देऊन थकलेल्या?”

गळ्यातली शीर नेमकी कुठे असते हे रादिवोयला ठाऊक होतं. त्याची नजर डॉक्टरांच्या कॉलरवर गेली. पण आईचा डावा डोळा अजून व्हायचा होता, आणि त्याला हात लावणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

“येतात, साहेब,” तो म्हणाला.

पेर्सिदानं डॉक्टरांना बोल लावला नाही. “जनावरं आंधळी करून पोट भरलं नाही तुझं,” ती लेकाला म्हणाली. “आता घरात सुरू केलंस.”

म्हाताऱ्या डुकरिणी माणसाला सरावलेल्या असत. ढकलायला लागत नसत. रादिवोयचा आवाज ऐकून आपण होऊन जवळ येत, त्याच्या हाताला नाक लावत. उन्हाळाभर तो त्यांचे डोळे काढत राहिला. पूर्वी जनावर गेलं की नाही ते तो आधी बघायचा. आता ते बघणंही त्यानं सोडून दिलं. एक डुकरीण टांगल्यावर अशी काही किंचाळली की मुकादम धावत आला. रादिवोयनं तिचा दुसरा डोळा काढून डब्यात टाकला आणि पुढच्या जनावराकडे वळला.

पानं गळायला लागली तेव्हा डॉक्टरांनी डावा डोळा केला. ओढ कमी ठेवली, सगळं नीट पार पडलं. घरी पट्टी सुटली तेव्हा पेर्सिदानं भिंत पाहिली, चूल पाहिली, शेवटी लेकाला पाहिलं.

“एवढा थेरडा झालास?” ती म्हणाली. “आणि तोंड अगदी बापाचं.” मग पडदे किती कळकट झालेत ते सांगू लागली.

डॉक्टरांचं काम झालं. आता डोळे नकोत, असा निरोप आला.

आंधळेपणी रविवारी चर्चला जाताना पेर्सिदा त्याचं कोपर धरून चालायची. नखं रुतेपर्यंत घट्ट धरायची. एरवी तिनं त्याला कधी हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. पट्टी सुटल्यानंतरच्या रविवारी तो कोट घालून, कोपर जरा पुढे काढून दाराशी उभा राहिला. पेर्सिदानं डोक्याला रुमाल बांधला, त्याच्या हातांकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि एकटीच पायऱ्या उतरून गेली. तो दारात उभाच राहिला. ती कोपऱ्यावरून वळल्यावर त्यानं कोट खुंटीला अडकवला आणि पडदे उतरवायला घेतले.