स्पेसबारवरचा ताशा

चाकणच्या त्या कंपनीत मला काहीही करून पर्मनंट व्हायचं होतं. आणि साहेबांनी नेमकं त्या सोमवारी सकाळीच बजावलं, "आज मालाची गाडी गिऱ्हाईक कंपनीच्या गेटवरून परत आली, तर उद्यापासून येऊ नकोस."

गाडीत भरलेल्या पार्टची नावं गेटपाससाठी कॉम्प्युटरवर चढवायची, हे माझं काम. सॉफ्टवेअर म्हणजे जुनं खोड! नाव छोटं असलं की उरलेला रकाना स्पेस मारून काठोकाठ भरायचा, एकही कमीजास्त नाही. त्या स्पेस दिसतात थोड्याच! म्हणून आमच्या ऑफिसात प्रत्येक पार्टला ताशाचा ठेका ठरलेला, एका ठोक्याला एक स्पेस. ब्रॅकेटला लांबलचक, बंपर क्लिपला आखूड. शेजारची ताई तर मान डोलावत स्पेस मारायची. मी थेरगावच्या पथकात ताशा वाजवणारी, त्यामुळे माझा तोरा काही विचारूच नका!

दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, तुम्ही पाठवलेला गेटपास मशीन घेईना. लाल दिवा लागतोय."

मी सगळे रकाने पुसले. पुन्हा भरून पाठवला. पुन्हा लाल. साहेब मागे येऊन उभे राहिले.

ताई म्हणाली, "अगं, तू मारलेला ठेका टेबलावर वाजव बघू."

मी वाजवलं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"हा शेवटचा तोडा कुठून आणलास?" साहेबांनी विचारलं.

"कालच्या सरावातला आहे, सर. गणपतीसाठी नवीन बसवलाय," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. बोटांनी आपलं आपणच वाजवलं होतं, आणि स्पेस जास्तीच्या पडल्या होत्या.

साहेबांनी पेन उचललं आणि लोखंडी कपाटावर जुना ठेका असा कडक वाजवला, की मी बघतच राहिले. म्हणजे हेही पथकातलेच! त्यांच्या ठेक्यावर मी स्पेस मारल्या.

"हिरवा!" ड्रायव्हर फोनवर ओरडला. "चला, गेट उघडलं!"

महिनाअखेरीला साहेबांनी मला कामगारांच्या यादीचा स्क्रीन उघडून दिला. "पर्मनंटमध्ये तुझं नाव तूच चढव."

माझं नाव इवलंसं, पुढे मोकळी जागा ही एवढी! आनंदाच्या भरात मला, ताशेवालीला, ठेकाच धरता येईना. तेव्हा ताईने टेबल वाजवायला घेतलं, साहेबांनी कपाट, मग सगळं ऑफिसच सुरू झालं. मी हसत, रडत रकाना काठोकाठ भरला.