तोंडी मागितलेली रजा

आई पडवीच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, दीड महिना हिला एकटी ठेवू नका. वेल्ह्याकडच्या वाडीत ती एकटीच, आणि मी तिची एकुलती लेक. तरी मला घोर नव्हता. कापूरहोळजवळच्या कारखान्यात चार वर्षं पॅकिंगला होते, रजा म्हणून घेतली नव्हती. पन्नासेक दिवस साठले असतील असा हिशेब होता.

ऑफिसातल्या बाईंनी बघितलं. "तीस आहेत."

"तीस कशा? वीस दिवस कामाचे भरले की एक रजा, अशी चार वर्षं!"

"पुढच्या वर्षात तीसच जातात. वरच्या बुडाल्या."

"बुडाल्या? मग पैसे तरी द्या!"

"पैसे नोकरी सोडल्यावर, तेही शिल्लक असतील तेवढ्यांचेच." मग हळूच म्हणाल्या, "रजा नाकारल्याचं लेखी असेल, तर त्या बुडत नाहीत. एखादा अर्ज आहे का?"

अर्ज! दर लावणीला मी रजा मागितली होती, पण तोंडानं. सुपरवायझर आमच्याच वाडीचे, नात्यानं काका. आमच्याकडं भात सावडीनं लावतात, आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. कोण लिहून ठेवतं? काकांपुढं कागद धरायचा म्हणजे त्यांच्यावर भरवसा नाही म्हणण्यासारखं.

तडक त्यांच्याकडं गेले. "काका, रजेला न्हाई म्हणलावता, तेवढं लिहून द्या."

"म्या न्हाई कधी म्हणलो? जरा थांब म्हणलो."

माझं डोकंच फिरलं, कारण ते खरं होतं. "व्हय, आन् मी थांबले की चार वर्षं!" सगळी लाईन बघायला लागली. ते खाली मान घालून म्हणाले, "आदी तीस घे. वरची बिनपगारी बघू की." आणि मी येडी पुन्हा बरं म्हणाले.

तीस दिवस आईपाशी काढले. ती वॉकरवर पावलं मोजायची, मी दिवस. एकतिसाव्या सकाळी ती उंबऱ्यापर्यंत आली, मोरीपर्यंत नाही. तांब्या, भाकरी, मोबाईल तिच्या हाताशी ठेवला, शेजारणीला शेतावर जाता-येता डोकवायला सांगितलं आणि एसटी धरली. गाडीत रडले, लाज वाटली नाही.

कामावर जाऊन आधी अर्ज लिहिला, पंधरा दिवस बिनपगारी. काकांपुढं ठेवला.

"जरा थांब, एवढी ऑर्डर जाऊ दे."

"तेच लिहा काका. न्हाई म्हणून लिहा आन् सही करा."

त्यांनी पेन उघडलं. भावकीतल्या पोरीला 'नाही' लिहायचं त्यांच्यानं झालं नाही. मंजूर लिहिलं.

दुपारी घरी पोचले. आई उंबऱ्यातच बसलेली, ओठ सुकलेले, तांब्या भरलेला. मी ओरडलेच, "पाणी का न्हाई प्यालीस?"

"प्याले असते तर मोरीत जावं लागलं असतं की. कोण नेणार हुतं?"