महालिंगप्पांचं रोगण

कळंबच्या बाजारात महालिंगप्पांचा तेलाचा घाणा होता आणि त्या घाण्याचं तेल चांगलं होतं. एखाद्या माणसाबद्दल एवढं खात्रीनं सांगता यावं हे काही थोडं नाही. पण महालिंगप्पांना ते थोडं वाटू लागलं होतं. पन्नाशी जवळ आली होती, लिंगायत मंडळीत शब्दाला वजन होतं, घाण्याचे बैल दृष्ट लागावी असे होते. तरी रस्त्यानं जाताना मागून हाक यायची ती "ओ तेली" अशीच. हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसे. त्याला तेल हवं असे.

दुसरं महायुद्ध पेटून दोन-तीन वर्षं झाली होती. बार्शीचे चन्नबसप्पा सोलापुरातून जुन्या मोटारी उचलत आणि इकडं मोगलाईत हप्त्यानं देत. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, कळंब निजामाच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. पण दोघेही गळ्यात लिंग बांधणारे, तेव्हा नाक्याचा अडसर सौद्याला झाला नाही.

"मोटार तुमची, कागदावर नाव माझं," चन्नबसप्पा म्हणाले. "शेवटचा हप्ता आला की नावबी तुमचं."

महालिंगप्पांना हा करार पटला. आपण हाकतो ती गोष्ट दुसऱ्याच्या नावावर असते, हे सावकाराच्या पैशानं बैल घेणाऱ्याला नवं नव्हतं. कागदात आणखी एक कलम होतं. इंजिनात मूळचा दोष निघाला तर मोटार चन्नबसप्पांनी परत घ्यायची. चालवणाऱ्याच्या हयगयीनं बिघडली तर हप्ते सुटायचे नाहीत.

मोटार हिरवी होती. छप्पर कापडाचं, भोंगा रबरी. ती चालवायला ईट गावचा लिंबाजी मिळाला. घरची कोरडवाहू, विहीर-मोट नसलेली शेती भावांच्या हवाली करून तो सोलापुरात चाक धरायला शिकला होता. कळंब ते तुळजापूर अशा खेपा सुरू झाल्या. महालिंगप्पा रुमाल नीट बांधून पुढं लिंबाजीशेजारी बसत. महिन्याभरात बाजारातले लोक त्यांना ‘मोटारवाले’ म्हणू लागले. घाण्याकडं येणं त्यांनी कमी केलं. कपड्यांना वास लागतो, असं ते आता म्हणत. तीस वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

लढाईमुळं इंजिनाचं तेल मिळेना. बार्शीहून डबा आणायचा तर परवाना, नाका, आणि डब्याची किंमत ऐकली की महालिंगप्पा पैसे पुन्हा कनवटीला खोचत. ज्याच्या परसात तेलाची पिंपं उभी आहेत त्यानं तेल विकत आणायचं, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या घरी वडिलांपासून एक रीत होती. घाणा, तराजू, मापं, विळे, गाडीचा आख, घरातल्या प्रत्येक हत्याराला आणि चाकाला आधी घरच्या घाण्याचं तेल लावायचं, मग फूल वाहायचं. सणाला लिंबाजी ईटला गेला होता. जाताना तो म्हणाला होता, "मालक, इंजिनातलं तेल खाली गेलंय. डबा आणल्याबगर मोटार काढू नगा."

"बघतो," महालिंगप्पा म्हणाले होते.

नवमीला सकाळी अंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, त्यांनी घाण्याला तेल लावलं, आखाला लावलं, आणि मग इंजिनाचं झाकण काढून त्यात करडीचं ताजं तेल ओतलं. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. भरलं होतं. वर झेंडूचं फूल वाहिलं. भक्ती आणि काटकसर एकाच मापात मावली याचं समाधान त्यांच्या तोंडावर दुपारपर्यंत टिकलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. करडीचं तेल उकळलं की त्याचं रोगण होतं: काळं, चिकट, वाळल्यावर चामड्यासारखं चिवट. विहिरीवरची कातड्याची मोट पाण्यानं कुजू नये म्हणून शेतकरी तिला ते चोपडतात. तालुक्यात रोगण लागे तेवढं महालिंगप्पांच्या परसात शिजे. दर उन्हाळ्यात मोठी कढई चुलवणावर ठेवून ते स्वतः ढवळत, आणि थेंब बोटांत धरून ताणून बघत. इंजिन तापतं हेही त्यांना ठाऊक होतं. लिंबाजी येरमाळ्याला थांबून त्यात पाणी घालायचा ते त्यांनी रोज पाहिलं होतं. पण या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि त्यांचं एकमेकींकडं जाणं-येणं नव्हतं.

लिंबाजी परत आला. त्यानं पट्टी पाहिली.

"डबा आणला व्हय, मालक?"

"भरलंय," महालिंगप्पा म्हणाले. हे खोटं नव्हतं.

दसरा ते पुनव तुळजापूरला माणसांची रीघ. मोटार सकाळ-संध्याकाळ पळाली. पुनवेच्या आदल्या दिवशी ती गच्च भरून निघाली. मागच्या बाकावर शांताक्का होत्या. पापड-कुरडयांवर घर चालवणारी ही विधवा बाई महालिंगप्पांच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याच घाण्याचं तेल नेत असे, आणि त्यामुळं तिला कुणाचीही भीड नव्हती.

"लिंबाजी, कोण भजी तळायलंय रं?" शांताक्कांनी विचारलं.

"हितं रानात कोण तळंल, अक्का."

"मला वास येतोय. सकाळधरनं उपाशी हाय मी. उपाशी माणसाला वास चुकीचा येत न्हाय."

माणसं हसली. महालिंगप्पा हसले नाहीत. त्यांनाही वास आला होता, आणि तो भज्यांचा नव्हता. त्या दोन खोल्यांमधलं दार तेव्हा उघडलं.

येरमाळ्याच्या अलीकडं इंजिनातून आधी ठोके आले, मग लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज, मग काहीच नाही. लिंबाजीनं हँडल घालून फिरवायला पाहिलं. ते जागचं हललं नाही. त्यानं पट्टी उपसली. ती निम्मीच बाहेर आली, आणि टोकाला काळी तार ताणली गेली. ती तार किती ताणेल हे महालिंगप्पांना न बघता सांगता आलं असतं. ते दुसरीकडं बघत होते.

यात्रेकरू पायी पुढं गेले. येरमाळ्यातून बैलजोडी आणली आणि मोटार कळंबकडं ओढत निघाली. महालिंगप्पांपुढं प्रश्न होता. आत बसावं तर बैलांनी ओढलेल्या मोटारीतला माणूस म्हणून लोक बघणार. चालावं तर मागून चालणारा म्हणून. ते गावाबाहेरपर्यंत बसले आणि वेशीपाशी उतरले, त्यामुळं दोन्ही झालं.

बाजारात कुणी थट्टा केली नाही. एकानं फक्त विचारलं, "बैलांना दाणा पेट्रोलचाच का?"

घरी सिद्धम्मांनी, त्यांच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नवमीला घरातला तेलाचा डबा कुठं नेलता तुम्ही?"

"पूजेला."

"एवढी पूजा? मी मांजराला बोलले उगाच."

त्या दिवसापासून जेवायला वाढताना त्या भाजीवरची तर्री बाजूला सारून वाढू लागल्या. ते मुद्दाम होतं की नव्हतं हे विचारायचा धीर महालिंगप्पांना झाला नाही.

चन्नबसप्पा बार्शीहून मिस्त्री घेऊन आले. मिस्त्री शहरातला, त्यानं नळ पाहिले होते, मोट पाहिली नव्हती. इंजिनाचं खालचं भांडं उघडून त्यानं आतला काळा गोळा खिळ्यानं उकरला आणि सांगितलं, "तेल जळून पार खलास. कोरडं पळवलंय. सगळं धरलंय आत. आता हे इंजिन भंगार."

"म्हंजी चालवणाऱ्याची हयगय," चन्नबसप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. दोष मूळचा निघाला असता तर मोटार त्यांच्या गळ्यात पडली असती. मग ते महालिंगप्पांकडं वळले. "तुम्ही आपले माणूस. हप्ते मी लांबवून देतो. पण असला ड्रायव्हर ठेवू नका. मी बार्शी-लातूरला सगळ्या मोटारवाल्यांना सांगतो याचं नाव. पुन्हा कुणाची मोटार मोडायला नको."

लिंबाजी चिंचेखाली उभा होता. त्यानं मालकाकडं पाहिलं.

महालिंगप्पा म्हणाले, "त्यानं पट्टी बघितली असंल का नसंल, शिवालाच ठावं."

पुढं आयुष्यभर त्यांना या वाक्याची जेवढी लाज वाटली तेवढी तेलाची वाटली नाही. तेल ओतणं ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हतं. ते विचार करून, शब्द निवडून, देवाला मधे घालून बोललेलं होतं.

लिंबाजी पुढं आला. "म्या बेलभंडारा उचलतो," तो म्हणाला. "इंजिन कोरडं पळवलं न्हाय म्या. खंडोबाच्या पायरीवर उचलतो. माझं चाक गेलं तर म्या काय करू? पाच एकरात पाच भाऊ हावोत आमी."

बेल आणि भंडारा हातात घेऊन घेतलेली शपथ खोटी निघाली तर घराणं बसतं, असं आमच्याकडं मानतात. हप्त्याचा कागद वकील फिरवू शकतो; ही शपथ कुणी फिरवल्याचं ऐकिवात नाही. म्हणून ती कुणी उगाच घेत नाही, आणि कुणी घेतो म्हटलं की नको म्हणता येत नाही.

सोमवारी खंडोबाच्या देवळात माणसं जमली. महालिंगप्पा खांबाला टेकून उभे राहिले. त्यांचा हिशेब साधा होता. लिंबाजी शपथ घेईल, ती खरीच असेल, त्याचं नाव सुटेल. मग दोष इंजिनाचा ठरेल आणि मोटारही परत जाईल. आपण तोंड उघडायची गरजच नाही. खरं बोलणारा माणूस हाताशी असला की आपलं काम हलकं होतं, एवढ्यापर्यंत ते पोचले होते.

लिंबाजीनं ताटातला बेल-भंडारा ओंजळीत घेतला. "इंजिनात तेल हाय बघूनच म्या मोटार हाकली. लबाड बोलत आसंन तर मल्हारी बघून घेईल."

मग चन्नबसप्पा पुढं झाले. "असं असंल तर माझ्यावर येतंय. मीबी उचलतो. मोटार दिली तवा इंजिन चोख होतं." त्यांनीही ओंजळ भरली आणि शपथ घेतली.

दोन्ही शपथा खऱ्या होत्या. गावकऱ्यांपुढं पेच पडला. गुरवानं ताट उचललं आणि रीतीप्रमाणं प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावत तो फिरू लागला. महालिंगप्पांकडं कुणी बघतही नव्हतं. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ताट त्यांच्यापुढं आलं. गुरवानं बोट पिवळं करून वर नेलं, तर महालिंगप्पांनी कपाळ मागं घेतलं.

"तेल म्या घातलं," ते म्हणाले. "करडीचं."

आवाज एवढा बारीक होता की मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं. ते तोंडोतोंडी दारापर्यंत गेलं. कुणीही हसलं नाही. हसले असते तर महालिंगप्पांना खाली बघायला काही निमित्त मिळालं असतं.

शांताक्का बायकांतून पुढं आल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"उकळलं की रोगण व्हतंय न्हाय का त्याचं?"

"व्हय."

"तुमीच करता की दरसाल."

"व्हय."

"मग?"

महालिंगप्पांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

लिंबाजीनं हात धोतराला पुसले. पिवळा डाग राहिलाच. "मालक, म्या विचारलं होतं तुमाला."

"व्हय. इचारलं होतंस."

"चिंचेखाली तुमी वेगळं बोललात."

"व्हय."

लिंबाजी त्यांच्याकडं राहिला नाही. लातूरला त्याला लगेच चाक मिळालं. बेलभंडारा उचललेला ड्रायव्हर म्हणून चन्नबसप्पांनीच नाव सांगितलं. हप्ते महालिंगप्पांनी एकूण एक फेडले. शेवटचा गेला तेव्हा मोटारीच्या सांगाड्यावर त्यांचं नाव लागलं. सांगाडा परसात, रोगणाच्या कढईशेजारी उभा होता, आणि सिद्धम्मांच्या शेळ्या पावसात त्याच्या छपराखाली थांबत. रोगण मात्र महालिंगप्पांनी पुन्हा केलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणत, "संपलंय." शेतकरी कढईकडं बघत, मोटारीकडं बघत, आणि आणखी काही न विचारता जात. त्यांचं हे न विचारणं फार सभ्य असे.

पुढं लिंबाजी सरकारी बसवर लागला आणि कळंबवरून जाऊ लागला. महालिंगप्पांना बार्शीला, येरमाळ्याला कामं निघत. ते आपली बैलगाडी जुंपत. रस्त्यात मागून बस आली की ते गाडी कडेला घेत. लिंबाजी बस हळू करी.

"मालक, बसा की. जागा हाय."

"न्हाय बाबा, तू हो पुढं. बैल हायेत."

दर वेळी एवढंच बोलणं होई. लिंबाजीनं विचारायचं कधी सोडलं नाही. त्यानं एकदा तरी न विचारता निघून जावं, एवढीच महालिंगप्पांची त्याच्याकडून अपेक्षा होती.