पाळण्याची झिजलेली कड

कांबळे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी जमिनीवर बसायच्या. घरची बाई "अहो, वर बसा की" म्हणून कितीही कासावीस होवो, मॅडम भिंतीला पाठ लावून मांडी घालायच्या आणि गप्प राहून खोली बघून घ्यायच्या. आम्हा विद्यार्थिनींनाही तीच शिस्त. "खोली उभ्यानं कळत न्हाय, पोरींनो. आधी बूड टेका," असं त्या भर वर्गात खणखणीत आवाजात सांगायच्या. इंटिरियर डिझाइनच्या कॉलेजात ही भाषा ऐकून पहिल्या दिवशी आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसलो होतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मॅडम गडमुडशिंगीहून लुनावर यायच्या. पदर कमरेला खोचलेला, पाठीवर ड्रॉइंगची नळी अडकवलेली. कोल्हापुरात तेव्हा इंटिरियर म्हणजे पीओपीचं छत आणि त्यात लपवलेले दिवे, एवढाच लोकांचा समज होता. मॅडमना त्याचा भारी राग. "छताला केक कशाला चिकटवताय?" असं त्या घरमालकाला तोंडावर विचारायच्या. त्यामुळे त्यांना खासगी कामं फारशी मिळत नसत आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

दर वर्षी त्या आम्हाला जुन्या मिशन बंगल्यावर न्यायच्या. अमेरिकेतून आलेलं एक मिशनरी कुटुंब तिथं दोन-तीन पिढ्या राहिलं होतं. ते परत गेल्यावर एका ट्रस्टनं सामानसुमानासकट ते घर लोकांना बघायला खुलं केलं. जुनी अमेरिकन घरं आतून कशी असत, हे आम्ही तिथंच शिकलो. सरळ पाठीच्या खुर्च्या, तुकडे जोडून शिवलेल्या रजया आणि भिंतीत चक्क शेकोटी. कोल्हापुरात शेकोटी बघून आम्ही खिदळलो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हसताय काय? माणूस गाव सोडतंय, पण घर संगं घिऊन जातंय. लगीन होऊन पुण्याला गेलासा तरी चटणीची बरणी न्याल का न्हाय?"

तिथल्या पाळण्यावर मात्र त्यांचा विशेष जीव. आपला पाळणा टांगलेला असतो. हा जमिनीवर, दोन बाकदार पट्ट्यांवर डुलणारा, डोक्याशी लाकडी छप्पर असलेला. आम्ही त्याची मापं घेतली आणि सगळ्यांनीच सोयीचा मार्ग धरला: एका बाजूचं माप घ्यायचं, ट्रेसिंग पेपर उलटा करायचा, की दुसरी बाजू तयार. मॅडमनी सगळी ड्रॉइंग परत केली. पाळण्याची डावी कड सरळ होती, उजवी मधोमध झिजून खोलगट झाली होती.

"हाय ते काढा. त्याला दुरुस्त कराय तुमास्नी कुणी बोलावलंय?"

"पण मॅडम, ती झिजली कशानं?"

"बसून बगा, कळंल."

आम्ही बसलो. काही कळलं नाही.

दहा-बारा वर्षांनी त्याच बंगल्याच्या डागडुजीचं काम माझ्याकडं आलं. ट्रस्टचे नवे अध्यक्ष म्हणजे मोठा हौशी माणूस. पाळण्याला रंधा मारून दोन्ही कडा सारख्या करायच्या आणि वर झकास पॉलिश द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी मॅडमना फोन केला तो खरं तर काम मिळाल्याचा तोरा मिरवायला. पाळण्याचं ऐकताच त्यांनी मला मधेच तोडलं. "सुताराला थांबव. आलेच मी."

त्या पोचल्या तेव्हा अध्यक्ष तिथंच होते. "मॅडम, लोक तिकीट काढून येणार," ते म्हणाले. "त्यास्नी झिजकं सामान दाखवायचं व्हय?"

मॅडम आता निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरलेले. तरी भिंतीच्या आधारानं पाळण्याच्या उजव्या बाजूला खाली बसल्या आणि त्या खोलगट जागेवर हात ठेवला.

"माझी आई हितं आया हुती," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. कॉलेजात आडनाव ऐकूनच माणसाला जोखणारे कमी नव्हते. त्यांच्या हाती ही आणखी एक गोष्ट मॅडमना द्यायची नसणार.

"सायबाचं बाळ ह्यात झोपायचं. आई हितं बसून हलवायची. मी शेजारी, गोधडीवर. हलवून हलवून तिच्या हातानं झिजलंय हे लाकूड. तिचा फोटो न्हाय, काय न्हाय. एवढंच हाय तिचं. त्याच्यावर रंधा मारू नका."

अध्यक्ष गोंधळले. "पण मॅडम, बघायला येणाऱ्याला हे कळणार कसं?"

"तुमी बसा की खाली."

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला तो धिप्पाड माणूस खरोखर खाली बसला.

"बाळ दिसंल का हितनं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय. कडच आडवी येती."

"मलाबी कधी दिसलं न्हाय. आईचा हात तेवढा दिसायचा."

अध्यक्ष बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी सुताराला रंधा पिशवीत टाकायला सांगितला आणि पाळण्याशेजारच्या पाटीवर घालायला आईचं नाव विचारलं.

"साळूबाई," मॅडम म्हणाल्या. "नाव घाला, पण ह्या बाजूला लोकास्नी अडवायची दोरी बांधू नका. एक चटई टाका. येणारा बसू दे."

त्यानंतर दोनच वर्षांत मॅडम गेल्या. त्यांच्यासारखं माझ्यावर कुणी रागावलं नाही आणि त्यांच्याइतका जीवही कुणी लावला नाही. नवं काम घेतलं की मी अजून आधी जमिनीवर बसते. घरमालक बायकोकडं बघून डोळे मिचकावतात, ते मला दिसतं.

बंगल्यावरही अधूनमधून जाते. पाटीवर साळूबाईंचं नाव आहे, खाली चटई आहे. मी कडेवर हात ठेवते. माझा हात त्या खोलगट जागेत लहान पडतो. पाळणा हळूच डुलतो आणि बसल्या जागेवरून आतलं काही दिसत नाही. चटईवर बसताना शेजारची गोधडीएवढी जागा मात्र मी मोकळी सोडते.